मार्चमधला धूर

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी दुपारी वहिनी गेल्या. आधीच्या आठवड्यात ताप आला होता. तपासणीत डेंग्यू निघाला. प्लेटलेट्स उतरत गेल्या. हॉस्पिटलमधून दादाचा फोन आला तेव्हा मी प्रुफं तपासत होतो. तो म्हणाला, ‘ये.’ मी गेलो.

वहिनी भाईंदर पश्चिमेच्या एका आरोग्य केंद्रात कंत्राटावर होत्या. मोठ्या साथीच्या काळात वरून पैसा आला, त्यातून त्यांच्यासारख्या काही बायकांना घेतलं, आणि साथ ओसरल्यावर तापाच्या पाहणीला लावलं. काम म्हणजे चालणं. जवळच्या मुर्धा गावात घरोघर जायचं, कुणाला ताप आहे का विचारायचं, पिंपात टॉर्च मारून अळ्या बघायच्या आणि निघताना चौकटीच्या वर खडूने तारीख लिहायची. आमच्या दारावरही लिहीत. ‘घरच्यांना तरी सोडा,’ मी एकदा म्हटलं. ‘भावोजी, डास नातं विचारून चावत नाही. आधी त्या पुस्तकांमागच्या कुंडीतलं पाणी ओता.’

आठवड्यातून एकदा पिंपं रिकामी करून कोरडी ठेवा, असं त्या सांगत, आणि तिथेच अडे. मुर्ध्यातल्या एका म्हातारीने पहिल्याच दिवशी त्यांना दारात उभं केलं होतं. ‘पानी ओतून देऊ? नल काय तुझ्या सायबाच्या घरचा हाय?’ नळाचा भरवसा नव्हता, हे खरंच होतं. वहिनींनी वाद घातला नाही. पुढच्या खेपेला त्या दादाच्या जुन्या लुंग्या घेऊन गेल्या आणि पिंपांच्या तोंडांवर घट्ट बांधून आल्या. मग दर खेपेला तेच. दादा म्हणायचा, ‘माझी सगळी अब्रू हिने मुर्ध्यात वाळत घातलीय.’ म्हातारीने मात्र दिवाळीत घर रंगवताना खडूची तारीख तेवढी सोडून रंग दिला. ‘बायचा हात हाय तो. न्हाय पुसायचा.’

गेल्या वर्षी पावसाच्या सुरुवातीलाच एका गल्लीत ताप निघाला. सकाळी कळला, दुपारी रक्त तपासायला गेलं, संध्याकाळी गल्लीतलं एकेक पिंप पाहून झालं. ताप त्या गल्लीबाहेर गेला नाही. पेपरात काही आलं नाही, कारण काही घडलंच नव्हतं... आणि तेच त्यांना भोवलं. वर्षअखेरीला त्या बायकांची मुदत वाढवायचा प्रश्न आला तेव्हा साहेबाने विचारलं, ‘मॅडम, साथ कुठेय? वर काय दाखवून पैसे मागू?’

त्या दिवशी घरी येऊन त्या चपला न काढताच खुर्चीत बसल्या. ‘भावोजी, ताप पसरला नाही म्हणून आम्हाला काढलं. पसरला असता तर ठेवलं असतं.’ मी पाणी दिलं. ते तसंच हातात धरून म्हणाल्या, ‘आता तो यायचीच वाट बघायची का?’

मार्चमध्ये आमच्या गल्लीत धुराची गाडी आली. उरलेला निधी महिनाअखेरीपर्यंत वापरला नाही तर परत जातो, म्हणून. हवा कोरडी होती, डास नावालाही नव्हते. पांढरा धूर पहिल्या मजल्यापर्यंत चढला. लोक गॅलरीत येऊन समाधानाने बघत होते. वहिनी पदर नाकाला लावून उभ्या होत्या. ‘हा धूर जुलैत हवा होता,’ एवढंच म्हणाल्या आणि खिडक्या लावायला लागल्या.

जूनपासून त्या आपल्या आपण फिरू लागल्या. गळ्यात कार्ड नाही म्हणून नव्या इमारतींचे वॉचमन गेटवरूनच हाकलत, ‘मॅडम, ऊपर नहीं जाने का.’ मुर्ध्यात अजून दारं उघडत. पण एकटी बाई किती दारं गाठणार? जुलैत ताप आला. आधी गावात, मग बांधकामांच्या खड्ड्यांच्या कडेने, मग आमच्या बाजूला. वहिनींना त्याने कुठे गाठलं, कोण सांगणार...

शेवटी भेटलो तेव्हा वॉर्ड भरलेला होता. दोन खाटांच्या मधेही गाद्या टाकल्या होत्या. त्या सगळीकडे बघत होत्या. ‘भावोजी, हे सगळे आपल्याच बाजूचे आहेत. तिकडे कुणी जातंय का बघायला?’ मी म्हटलं, ‘बघून येतो.’

तेराव्यानंतर मुर्ध्यात गेलो. आता तातडीचा निधी मंजूर झालाय, गाडी रोज संध्याकाळी येते. खिडकीतून लोकांना दिसेल असा भरपूर धूर सोडते. पिंपांत कुणी टॉर्च मारत नाही. म्हातारीच्या दारातल्या पिंपावरची लुंगी एका बाजूने सुटून पाण्यात लोंबत होती. मी ती पिळून पुन्हा बांधली. मला वहिनींसारखी गाठ येत नाही. आत म्हातारीची सून चादर घेऊन पडली होती. ‘कालपासना अंग तापलंय,’ म्हातारी म्हणाली, ‘बाय कवा येल?’ मी सांगितलं. ती चौकटीकडे बघत राहिली.

आमच्या दारावरही ती तारीख आहे. गेल्या वर्षीची. तिच्याखाली जागा रिकामी आहे.