मामाजींचं भेव

रीता वर्ध्याजवळच्या नालवाडीत घरीच ब्लाऊज शिवते. नवरा रोशन ट्रक चालवायचा. एकदा निघाला की चार-पाच दिवस यायचा नाही. घरात उरायची ती आणि तिचे सासरे पुंडलिकराव. आयुष्यभर सुतारकी केलेला माणूस. चर्चमधले बाक त्यांच्याच हातचे. दोन वर्षांपासून त्यांना आठवेनासं झालं. आधी नावं गेली, मग माणसं. उन्हाळ्यापासून तर ते रीताला चोर समजू लागले.

"कोण व्हय तू? माह्या घरात काऊन घुसली?"

"मामाजी, मी रीता. तुमची सून."

कधी पटायचं, कधी नाही. एकदा तिच्या दंडावर काठी बसली. त्या रविवारी ती लांब बाह्यांचा ब्लाऊज घालून चर्चला गेली. पाळकांनी उपदेशात नेमकं तेव्हाच सांगितलं की, जो आपल्या घरच्या म्हाताऱ्यांना टाकतो, त्यानं विश्वासच टाकला. सासऱ्यांची भीती होतीच, आता देवाचीही वाटू लागली. ती कुणाजवळ काही बोलली नाही.

त्याच आठवड्यात, जुलैतल्या एका दुपारी मामाजी पटाशी घेऊन तिच्यासमोर उभे राहिले. लाकूड कोरायची ती धारदार पटाशी तिनं लपवून ठेवली होती. त्यांनी शोधून काढली. रीता न्हाणीत पळाली, आतून कडी लावली. फोन शिलाई मशीनवरच राहिला. बाहेरून दारावर थापा पडत होत्या. मग त्या थांबल्या. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, आणि दाराच्या फटीतून गॅसचा वास आला.

ती कडी काढून स्वयंपाकघरात आली. मामाजी शेगडीपुढे उभे होते. बटन पूर्ण फिरवलेलं, पटाशी ओट्यावर, हातात आगपेटी.

"च्या मांडून राह्यलो," ते म्हणाले. काडी बाहेर काढलेली होती.

ओरडावं तर ते काडी ओढतील, हिसकावावं तर पटाशी उचलतील. रीताच्या तोंडून जेवणाआधीची प्रार्थना निघाली. मामाजींनी आगपेटी खाली ठेवली, हात जोडले, डोळे मिटले. रीतानं डोळे उघडेच ठेवले. प्रार्थना म्हणता म्हणता तिनं बटन बंद केलं, खिडकी उघडली.

"आमेन," मामाजी म्हणाले. तिनं पटाशी आणि आगपेटी उचलून पदराखाली घेतली.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर तिनं पाळकांपुढे बाही वर केली. "मले मामाजीचं भेव वाटते. मी त्यायले टाकत नाई. पण एकटी नाई राहू शकत."

पाळकांनी दंडावरचा काठीचा वळ पाहिला. "त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं, बाई. ही आज्ञा आधी पोटच्या लेकरांसाठी आहे. मग आम्हा चर्चच्या मंडळीसाठी. एकट्या सुनेवर सोडून मोकळं व्हायला ती नाही."

त्यांनी रोशनला आणि जवळच सेलूत दिलेल्या त्याच्या बहिणीला, जयाला, बोलावून घेतलं. जया रडली. "वहिनी, तू बोलली काऊन नाई?"

"बोलली असती तर तुम्ही मले काय म्हटलं असतं?" रीता म्हणाली.

रोशननं ट्रक सोडला. आता तो वर्ध्यातच दुधाची गाडी चालवतो. जया आठवड्यातले तीन दिवस येते, बाकीच्या दुपारी मंडळीतली एखादी बाई येऊन बसते. डॉक्टरांच्या गोळ्यांनी मामाजी थोडे शांत झालेत.

भीती मात्र गेली नाही. मामाजींनी हाक मारली की रीता आधी उंबऱ्यावर थांबते, त्यांचा चेहरा बघते, आणि मगच आत पाऊल टाकते.