शेवटच्या दोन ओळी

"टायपिंगचा स्पीड किती आहे?" मी मुलीला विचारलं.

"चांगला आहे हो," तिची आई म्हणाली. "घरी मोबाइलवर दिवसभर टाइपच करत असते."

ही त्या सकाळची तिसरी उमेदवार. तिची सगळी उत्तरं आईनेच दिली. तिच्याआधी आलेला मुलगा एमबीए होता. त्याने आमचा वेटिंग हॉल बघून 'पेशंट फ्लो ऑप्टिमाइझ' करून देतो म्हणून सांगितलं आणि जाताना माझंच पेन खिशाला लावून गेला. पहिलीने फक्त सुट्ट्यांची चौकशी केली. मी तिघांच्याही नावापुढे फुली मारली.

"शैलाताई, ह्या आठवड्यातली ही नववी फुली," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला माणूस हवंय की नकोय?"

खरं सांगायचं तर नको होतं. सोलापुरात ह्या एका दवाखान्यात, ह्या एका टेबलामागे माझी एकतीस वर्षं गेली. गुडघे बोलायला लागले होते आणि मुलगी पुण्याला ये म्हणून मागे लागली होती, म्हणून सोडायचं ठरवलं. पण आपल्या खुर्चीत कुणी दुसरी बसलेली बघायची म्हटली की ती नेमकी वाकडीच बसते.

लोक मला रिसेप्शनिस्ट समजतात. समजोत. मेडिकल सेक्रेटरीचं काम नंबर पुकारण्यापुरतं नसतं. डॉक्टर बोलतात ते टाइप करायचं, दुसऱ्या डॉक्टरांना पाठवायची रेफरन्स लेटर तयार करायची, रिपोर्ट आला की योग्य फाइलला लावायचा आणि त्यात काय आहे हे माहीत असूनही चेहऱ्यावर दाखवायचं नाही. आमचे डॉक्टर पोटाचे. अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंतची माणसं पोट धरून आमच्याकडे येतात. निम्मे लोक कानडीत कण्हतात, काही तेलुगूत, आणि समजून घ्यावं लागतं सगळ्यांचं.

चौथी आली ती लावण्या. भवानी पेठेतली, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकर घरातली. वडील यंत्रमागावर टॉवेल विणणारे, आई विड्या वळणारी. बी.ए. झालेली, केसांना तेल, ओढणीला दोन्हीकडे पिना. टायपिंग स्वच्छ. इंग्रजी बेताचं, पण एकदा सांगितलेला शब्द दुसऱ्यांदा चुकत नव्हता.

"कामाचा अनुभव?"

"नोकरीचा नाही, मॅडम. पण आमच्या गल्लीतले सगळे कागद मीच वाचते. चौथीत होते तेव्हापासून."

"कसले कागद?"

"बँकेचे, शाळेचे, दवाखान्याचे, कोर्टाचे. आमच्याकडं मोठ्या बायकांना मराठी वाचता येत नाही. मी वाचते आणि तेलुगूत सांगते. आईचा एकच नियम आहे. अर्धा वाचायचा नाही. हातात घेतला की खालच्या सहीपर्यंत वाचायचा."

मला ते आवडलं. कौतुकाने कागदावर 'वाचनाची सवय' असं लिहिलंसुद्धा. त्या सवयीने पुढे काय होणार आहे, ह्याची तेव्हा कल्पना नव्हती.

"नोकरी का हवी?" हा माझा शेवटचा प्रश्न.

ती जरा हसली. "नोकरी लागली तर आई दोन वर्षं स्थळं बघणार नाही. नाही लागली तर एक मुलगा तयार आहे. चांगला आहे तो. पण मला आत्ता नको आहे."

मी तिला मंगळवारी ट्रायलला बोलावलं. डॉक्टरांनी खुर्चीतून उठून टाळी वाजवायची तेवढी बाकी ठेवली.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. मोठा आजार निघाला की पेशंटच्या आधी नातेवाईक आत येतात. दार लोटतात आणि हळू आवाजात म्हणतात, "त्यांना सांगू नका." मुलगा बापासाठी सांगतो, नवरा बायकोसाठी सांगतो. डॉक्टर समजावून बघतात, पण माणसं हात जोडतात, रडतात. मग डॉक्टर म्हणतात, बरं, काही दिवस थांबू. अशा फाइलचा उजवीकडचा वरचा कोपरा मी आतल्या बाजूला दुमडून ठेवायची. कोपरा दुमडलेला म्हणजे ह्या माणसाला ठाऊक नाही, तोंड सांभाळा. ही खूण मीच काढली होती आणि तिचा मला अभिमानही होता. एकतीस वर्षांत माझ्या टेबलावरून एक शब्द बाहेर गेला नव्हता.

मंगळवारी फायलींच्या गठ्ठ्यात वरचीच फाइल सिद्रामअण्णांची होती. अक्कलकोटकडचे शेतकरी, सत्तरीचे, पांढरं धोतर, आवाज खणखणीत. त्यांच्या मोठ्या आतड्यात गाठ सापडली होती. तिचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला होता, त्याला बायोप्सी म्हणतात. रिपोर्ट कॅन्सरचा आला. आठवड्यापूर्वीच त्यांचा मुलगा मल्लिनाथ एकटाच येऊन डॉक्टरांच्या पाया पडून गेला होता. अण्णांना सांगायचं ठरलं होतं की पोटात सूज आहे, पुण्याला दाखवून येऊ.

डॉक्टरांनी पुण्याच्या सर्जनना द्यायची चिठ्ठी लावण्याला सांगितली. तिने ती टाइप केली, डॉक्टरांची सही घेतली, पाकीट तयार ठेवलं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मी इतकी खूश झाले की आत चहा करायला गेले. दोन कप. दुमडलेल्या कोपऱ्याबद्दल तिला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मला वाटायचं ते सगळ्यांना ठाऊकच आहे, आणि ते ठाऊक असलेली सबंध जगात मी एकटीच होते.

चिठ्ठी न्यायला अण्णांबरोबर आलेला मल्लिनाथ झेरॉक्स काढायला खाली गेला. अण्णा उठून टेबलापाशी आले. पुढचं मी चहाचे कप घेऊन दारात उभी राहून ऐकलं.

"बाळ, ती चिठ्ठी माझीच न्हवं?"

"हो आजोबा, तुमचीच."

"मग वाच की जरा. चष्मा घरी ऱ्हायलाय."

लावण्याने कागद उलगडला आणि इंग्रजीचं मराठी करत वाचू लागली. गल्लीत वाचायची तशीच, सावकाश, एकेक ओळ. "ह्या पेशंटना दोन महिन्यांपासून शौचावाटे रक्त जात आहे. दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्यात गाठ दिसली. तपासणीत ती कॅन्सरची निघाली."

त्याच वेळी मल्लिनाथ जिन्यातून वर आला. त्याने तो शब्द ऐकला.

"ए बाई! कुणी सांगितलं तुला बोलायला?" तो धावतच आला आणि कागदावर हात टाकला.

"लावण्या, पुरे!" मी ओरडले.

तिने कागद सोडला नाही. चेहरा पांढराफटक, पण बोट ओळीवर. "मॅडम, दोन ओळी राहिल्यात," ती म्हणाली आणि मल्लिनाथ कागद ओढत असतानाच वाचत राहिली. "सीटी स्कॅनमध्ये आजार इतर कुठेही पसरलेला नाही. गाठ ऑपरेशनने पूर्ण काढता येईल असं वाटतं, तरी कृपया लवकर तारीख द्यावी." मग खाली डॉक्टरांचं नावही वाचलं आणि कागद अण्णांच्या हातात दिला.

मल्लिनाथ रडायला लागला. एकतीस वर्षांचं नाव एका सकाळी धुळीला मिळालं असं मला वाटलं.

"पर्स उचल आणि घरी जा," मी लावण्याला म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं.

"त्यांनी वाचायला सांगितलं, मॅडम. कागद त्यांचाच होता." एवढं बोलून ती गेली. जाताना तिने टाइपरायटरवर घालतात तसं कॉम्प्युटरवर कव्हर घातलं. ते मला नंतर आठवलं.

डॉक्टरांनी बापलेकांना आत घेतलं. मलाही बोलावलं. माफी मागायची तयारी ठेवूनच मी गेले.

अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. "त्या पोरीला बोलू नगा," ते म्हणाले. "मला ठावं हुतं. रगत माझं जातंय, ह्याचं न्हाय. आन् आठ दिस झालं, घरात मला रोज शिरा. सून शिरा करती, लेक येऊन शिरा करती. इतका शिरा माणसाला उगंच कोण घालतंय?"

डॉक्टरांनी ओठ चावला. हसू की रडू हे त्यांनाही कळत नसावं.

"मग आम्हाला विचारायचं तरी की, अण्णा," मल्लिनाथ म्हणाला.

"इच्यारलं तर तुमी रडताय. म्हून म्हटलं, बाहेरच्या माणसाला इच्यारावं." अण्णा म्हणाले. "म्या तर ठरवलंच हुतं, पुण्याला जायाचं न्हाय. समदी एवढी लपवत्यात म्हंजी आता काय इलाज ऱ्हायला न्हाय, आसंच धरून चाललो. मग कशाला चिरफाड? आपल्या घरीच बरं." त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि शेवटच्या ओळींच्या अंदाजाने बोट ठेवलं. "हे खालचं खरं हाय का, डाक्टर? निघतीय का गाठ?"

"खरं आहे, अण्णा," डॉक्टर म्हणाले. "निघेल असंच वाटतंय."

"मग चला की."

मी तिथे उभी होते आणि मला माझीच लाज वाटत होती. मी 'पुरे' म्हणाले होते ते नेमकं कुठे? कॅन्सर ह्या शब्दापाशी. माझं ऐकून ती थांबली असती तर अण्णांच्या कानात तो एकच शब्द राहिला असता आणि ते गावी जाऊन अंथरूण धरून बसले असते.

मंडळी गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "निदान सांगायचं काम माझं. सेक्रेटरीने ते वाचून दाखवायचं नसतं. ती चुकली. तुम्ही तिला खुणेचं सांगितलं नाहीत. तुम्ही चुकलात. आणि मी त्या मुलाचं ऐकलं. आता तिघांत नोकरी कुणाची घालवायची?"

"माझी तर जाणारच आहे," मी म्हटलं. "तिला घेऊन येते."

संध्याकाळी रिक्षा करून भवानी पेठेत गेले. लावण्याची आई उंबऱ्याशी सूप घेऊन विड्या वळत होती. मला बघून तिचे हात थांबले. ती तेलुगूत भराभर काहीतरी बोलली, त्यातलं 'मॅडम' तेवढं मला कळलं. लावण्या आतून आली. डोळे सुजलेले.

"तुझी चूक होती," मी म्हटलं. उभ्या उभ्याच म्हटलं, कारण बसले असते तर मला बोलता आलं नसतं. "असा कागद डॉक्टरांशिवाय वाचायचा नाही."

"हो, मॅडम."

"माझी चूक मोठी होती. मी तुला सांगितलं नाही, आणि सगळ्यांसमोर घालवून दिलं. मला माफ कर. उद्या नऊला ये."

तिने हे आईला तेलुगूत सांगितलं. आईने मला हाताला धरून खाली बसवलं, आत जाऊन चहा आणला, आणि काहीतरी विचारलं.

"आई विचारते, ट्रायलला की कायमचं?" लावण्या म्हणाली. "त्या मुलाकडच्यांना कळवायचं आहे."

"कायमचं," मी म्हटलं. आई पहिल्यांदा हसली.

मी चार महिने तिच्याशेजारी बसले. फायलींचे कोपरे दुमडणं बंद केलं. त्याऐवजी आमच्या केसपेपरवर, म्हणजे पेशंट पहिल्यांदा येतो तेव्हा भरायच्या कागदावर, डॉक्टरांनी एक ओळ वाढवली: तुमचा रिपोर्ट कुणाला सांगायचा? हे पेशंटलाच विचारायचं, नातेवाइकांना बाहेर बसवून. पहिल्याच दिवशी बार्शीकडच्या एका आजीने उत्तर दिलं, "मला सांगा. आमच्या म्हाताऱ्याला नगा सांगू, त्यो जेवत न्हाय." इतक्या वर्षांत अशा किती आज्यांच्या फायली मी दुमडून ठेवल्या असतील, कोण जाणे.

माझ्या शेवटच्या आठवड्यात सिद्रामअण्णा आले. ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. धोतर सैल झालं होतं, आवाज तोच. शेंगाचटणीचा डबा आणि कडक भाकरीची चळत त्यांनी टेबलावर ठेवली. मी हात पुढे केला.

"तुमाला न्हाय, ताई. पोरीला," ते म्हणाले. मग पिशवीतून पुण्याचा रिपोर्ट काढून लावण्यापुढे धरला. "वाच की."

लावण्याने माझ्याकडे बघितलं. तिने रिपोर्ट हातात घेतला, उघडला मात्र नाही. उठून डॉक्टरांच्या केबिनचं दार उघडलं.

"आत चला, आजोबा. डॉक्टरांसमोर वाचू."

"मल्लू, तूबी चल," अण्णा मुलाला म्हणाले. "आन् रडायचं आसंल तर शेवटाला रड. मधीच नगं."

दार लागलं. मी बाहेर माझ्या टेबलाशी बसले, आणि आतून तिचा आवाज येत राहिला, सावकाश, एकेक ओळ, खालच्या सहीपर्यंत.

नव्या माणसाला काम सोपवताना लिहून द्यायच्या सूचनांची यादी मी त्याच दुपारी पूर्ण केली. सतरा सूचना झाल्या. लावण्याने ती सहीपर्यंत वाचली आणि दोन ठिकाणी माझं टायपिंग सुधारलं.