चक्की घ्यावी की पदवी?

आमच्या वर्गातले चार जण कुठेही भेटले, कोणाच्या लग्नात म्हणा की बडनेऱ्याच्या फलाटावर, की चहा यायच्या आत जुने किस्से सुरू होतात. एकाने एक काढला की दुसरा म्हणतो, "हे तर काहीच नाही, ते आठवते का?" गाडी निघून जाते, किस्से काही संपत नाहीत!

ते दिवस असे होते की वऱ्हाडात कापूस पिकवून कोणाचंच भागत नव्हतं. मुंबईहून जो येई तो सांगे, "जोडधंदा करा." मग अमरावतीच्या एका कॉलेजने उद्योजकतेची दोन वर्षांची पदवीच काढली. आम्ही तिथलेच. फी घसघशीत! धंदा शिकवायचा धंदा तेवढा पहिल्या दिवसापासून नफ्यात होता.

*

पहिल्याच तासाला सर गरजले, "नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा!"

परतवाड्याचा रफीक उभा राहिला. घरी लाकडाचा व्यापार, त्यामुळे भीड कसली ती नाही. "सर, तुमी?"

सर म्हणाले, "मी सध्या कंत्राटी आहे. पर्मनंटसाठी अर्ज दिलाय."

*

अंजनगाव सुर्जीची वैशाली वर्गात सगळ्यात हुशार. पण प्रवेशाआधी तिच्या बाबांनी हिशेब मांडला होता.

"इतल्या पैशात पिठाची चक्की येते. चक्की दुसऱ्या दिवशी कमवायले लागते. तू कधी लागशीन?"

"बाबा, लाइट गेली का चक्की बंद पडते. माहं डोकं लोडशेडिंगमध्ये बी चालते!"

बाबांनी पहिल्या वर्षाची फी भरली. दुसऱ्या वर्षाचं "पाहू" म्हणाले. आमच्याकडे बापाचं 'पाहू' म्हणजे अर्धा नकार, आणि वैशालीला ते चांगलं ठाऊक होतं.

*

एकदा एका बँकेचे मॅनेजर व्याख्यानाला आले. तरुणांनी धंद्यात उडी घ्यावी, बँक पाठीशी आहे, वगैरे तासभर बोलले. टाळ्या झाल्या. रफीकने तिथेच कर्ज मागितलं.

"जरूर देऊ," मॅनेजर म्हणाले. "फक्त दोन जामीनदार आणा. पर्मनंट नोकरीवाले!"

सगळ्या वर्गाने सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर पाहू लागले.

*

मग प्रत्येकाने आठवडाभर खरा धंदा करायचा, असं ठरलं. रफीकने परतवाड्याच्या स्टँडवर लिंबू सरबत लावलं. जागा भारी, ऊन भारी, गर्दी तर विचारूच नका. आठवड्याने गल्ला रिकामा!

"काहून रे?" मी विचारलं.

"अरे, जो येते थो मामू, नाही तं खालू. मामूकडून सरबताचे पैसे घेतले तं अम्मी घरात घेईन का?"

सरांनी शेरा मारला, 'ग्राहकांशी संबंध उत्तम.'

*

माझे वडील रेल्वेत. त्यांनी माझ्या शिक्षणाला कधी विरोध केला नाही. फक्त रेल्वेभरतीची जाहिरात निघाली की कापून माझ्या उद्योजकतेच्या पुस्तकात ठेवायचे. वर्षाअखेरीस पुस्तक दुप्पट जाड झालं होतं. त्यातलं निम्मं तरी मी वाचलं, जाहिरातींचं!

*

पण सगळ्यांत भारी किस्सा वैशालीचाच.

दुसऱ्या वर्षाची फी भरायची मुदत संपत आली होती आणि ती कॉलेजात दिसेना. मी आणि रफीक तिच्या बाबांना समजवायला अंजनगावला गेलो, तर दारात जीप! अकोल्याचे एक दालमिलवाले मुलगा घेऊन तिला पाहायला आलेले. लग्न जमलं की दुसरं वर्ष गेलं. बाबांनी आम्हाला पाहिलं आणि पाण्याचे ग्लास आमच्या हातात दिले. फीचं बोलायला आलेले आम्ही पाव्हण्यांना पाणी देऊ लागलो!

वैशाली पोहे घेऊन आली. दालमिलवाल्यांनी नाव विचारलं, स्वयंपाकाचं विचारलं. मग रीतीप्रमाणे म्हणाले, "तुले काही इचारायचं असन तं इचार, बाई."

असं म्हटलं की मुलीने मान खाली घालायची असते. वैशालीने मुलालाच विचारलं, "दाळ केल्यावर जे चुनी उरते, थे कोणाले देता?"

मुलगा गडबडला. "बाबाले माहीत."

"आमच्या जुन्या माणसाले," दालमिलवाले म्हणाले. "पोत्यावर उचलते थो."

"तोलून नाही देत? आमच्या इकडं दुभत्या जनावरांसाठी लोक चुनी मागून मागून थकले. सरकीच्या ढेपीच्या जवळपास भाव देतात!"

आत आईने कपाळाला हात लावला. दालमिलवाल्यांचा चमचा पोह्यातच राहिला. "कळवतो," म्हणून पाव्हणे उठले. आई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "गेलं स्थळ! शिकवा अजून!"

जीप गल्लीच्या टोकाला गेली, थांबली आणि उलटी येऊ लागली. दालमिलवाले एकटेच उतरले.

"भाऊ, पोरगी पसंत हाय. लगनाचं मंग पाहू. मले ते मिलमध्ये पायजे. बोला, कधीपासून पाठवता?"

बाबांनी एकदा वैशालीकडे पाहिलं, मग छाती काढून म्हणाले, "दुसरं वर्ष झाल्याबिगर नाही! तिची फी मी उद्याच भरतो."

रफीकच्या हातातला ग्लास पडला.

"मंजूर," दालमिलवाले म्हणाले.

बाबांनी जीपकडे बोट दाखवलं. "आन् पोराचं काय?"

"त्याचं पोरीलेच ठरवू द्या, भाऊ. पण नापसंत असन तरी मिलचा सौदा मोडायचा नाही!"