पट्टकादंबांची पाठवणी

ताई गेल्यानंतर चार महिने आमच्या घरात देवापुढे दिवा लागला नाही. मी देवावर रागावलो होतो असं नाही. रागवायलासुद्धा समोर कोणीतरी आहे असं वाटावं लागतं, आणि मला तेवढंही वाटत नव्हतं. सकाळी उठायचं, चहा करायचा, वर्तमानपत्राची घडी न उलगडता तशीच ठेवायची, असे दिवस चालले होते.

आम्ही भावंडं माधवनगरात गिरणीचा भोंगा ऐकत वाढलो. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिनं लग्न केलं नाही. कराडजवळ मलकापूरला शाळेत शिकवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली, आणि निवृत्त झाल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. माझी पत्नी लवकर गेली होती, मी ग्रंथालयातून निवृत्त झालो होतो, तेव्हा घरात माणसं दोन आणि पुस्तकं फार. त्या पुस्तकांमध्ये ताईची एक जाड वही होती. दरवर्षी फाल्गुन सरत आला की ती पिशवी भरायची, शाळूचे मूठभर दाणे जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधायची आणि म्हसवडच्या अलीकडच्या एका तलावावर जायची. हिवाळ्यात तिथं पट्टकादंब उतरतात. राखी अंगाचे, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस हिमालयापलीकडून येतात आणि उन्हं तापली की परत जातात. ते जायच्या सुमाराला ताई तिथं हजर असायची. "माझ्या लेकींची पाठवणी आहे," म्हणायची. तलावाच्या काठी दाणे ठेवायची आणि किती उडाले ते वहीत लिहायची. दरवर्षी मला विचारायची, "येतोस का पाठवणीला?" आणि दरवर्षी मला काही ना काही काम असायचं. एकदा तर मी पुस्तकांना पुठ्ठे घालायचं कारण सांगितलं होतं.

पण माझ्या मनात रुतलेली गोष्ट ही नव्हे. ती सांगायला मला आजही संकोच वाटतो, कारण शिकलेल्या माणसानं असल्या गोष्टीत अडकू नये असं मीच इतरांना सांगत आलो. लहानपणापासून मी घराबाहेर पडताना "जातो" म्हणायचो आणि ताई मला उंबऱ्यातच अडवायची. "जातो म्हणू नये, येतो म्हण." मी साठी ओलांडली तरी ती मला अडवत होती. दवाखान्यातल्या शेवटच्या सकाळी मी आंघोळीसाठी घरी निघालो आणि दारातून म्हणालो, "ताई, जातो गं." तिच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता. तिनं नुसता हात थोडा उचलला. दीड तासानं मी परत आलो तेव्हा ती नव्हती. एवढ्या वर्षांत त्या एका दिवशी तिनं मला दुरुस्त केलं नाही, आणि माझा तो शब्द तसाच राहिला, दार लावून घेतल्यासारखा.

या फाल्गुनात मी तिची वही काढली. शेवटच्या पानावर तिनं पुढच्या वर्षासाठी रकाने आखून ठेवले होते. ते कोरे रकाने बघून मी ठरवलं की निदान यंदाची पाठवणी आपण करायची. तेवढं जमलं तर तिच्याशी माझं काहीतरी शिल्लक आहे असं समजायचं, नाही जमलं तर सगळंच संपलं. अशी अट घालणं चूक होतं हे आज कळतं. शाळूचे दाणे त्याच तुकड्यात बांधले, तिची दुर्बीण गळ्यात घातली. दुर्बिणीचा मूळचा पट्टा कधीतरी तुटला होता आणि त्याजागी काळ्या लोकरीची पीळदार दोरी होती. ती कुठून आली हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

सांगलीहून विट्यापर्यंत एक गाडी, तिथून म्हसवडची दुसरी. आधी सिद्धनाथाच्या देवळात गेलो, कारण ताई जायची. तो आमचा कुलदेव. गाभाऱ्यासमोर उभा राहिलो, पण हात जोडले गेले नाहीत. मग माघारीच्या गाडीनं तलावाच्या फाट्यावर उतरलो आणि तलावाची वाट धरली.

तलाव बघून मी थबकलो. ताईच्या वहीत उथळ पाणी होतं, चिखलाचे काठ होते, कोवळ्या गवताचे पट्टे होते. इथं पाणी काठोकाठ भरलेलं. उपसा सिंचन योजनेचं पाणी तलावात सोडलं होतं. एकही हंस नव्हता. फाट्यावरचा चहावाला म्हणाला होताच, "बदकं? आवं, खोल पाण्यात ती काय करत्याल? होळीच्या आदीच गेली आसत्याल. मासं घ्या मासं, ताजं हायती!" पलीकडे डाळिंबाच्या बागा हिरव्यागार दिसत होत्या आणि खरं सांगतो, मला त्या पाण्याचा राग आला. दुष्काळी मुलखाला पाणी मिळालं त्याचा मला राग आला, इतका मी कोता झालो होतो.

दोनची गाडी गाठून परत जायचं ठरवलं. पण ऊन डोक्यात गेलं, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी एका बाभळीखाली बसलो. गाडी फाट्यावरून गेल्याचा आवाज बसल्या जागी ऐकला. उठता येत नव्हतं. तेवढ्यात माझ्याभोवती मेंढरं आली. एकीनं सरळ माझ्या पिशवीत तोंड घातलं आणि दाण्यांची पुरचुंडी ओढून काढली.

"हुर्र! तुज्या बानं ठेवलंय व्हय तितं?" मागून एक म्हातारी काठी उगारत आली. मेंढीला हाकललं आणि मला बघून म्हणाली, "आन तुमी! येवढं चष्म्याचं मानूस, डोक्यावर टोपी न्हाई, टावेल न्हाई. ऊन काय वळकीचं हाय व्हय तुमच्या?" तिनं बाटलीतलं पाणी आधी माझ्या डोक्यावर ओतलं, मग प्यायला दिलं. पुरचुंडी उचलून माझ्या हातात ठेवताना तिची नजर माझ्या गळ्याकडे गेली. तिनं वाकून ती काळी दोरी दोन बोटांत धरली.

"ही दोरी मी वळल्याली हाय," ती म्हणाली. "ही दुर्बीण बाईंची. तुमी कोण त्यांचं?"

"धाकटा भाऊ."

"आन बाई? दमल्या व्हय यंदा?"

ताई गेली हे वाक्य चार महिन्यांत मी अनेकांना सांगितलं होतं, दिवसकार्याच्या पत्रिकेत छापलंही होतं. तिथं मात्र मला ते जमेना. मी नकारार्थी मान हलवली आणि वर आभाळाकडे पाहिलं. म्हातारी माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. मेंढरं पांगली तरी उठली नाही.

तिचं नाव हौसाबाई. घरची माणसं मेंढरांचा मोठा कळप घेऊन दिवाळीनंतर कृष्णाकाठाला गेली होती. तिकडच्या शेतांत मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि पावसाआधी परतायचं, ही त्यांची पिढ्यांची रीत. आता थोडी शेतीही आहे, म्हणून चार मेंढरं घेऊन ती घरी थांबते. बोलता बोलता मी पाण्याबद्दल कुरकुरलो. "आवं मास्तर, माज्या सासूच्या डोक्याला हंड्यानं टक्कल पडलं हुतं. पानी आलं, लय झ्याक झालं. आन तुमची पाखरं काय येडी न्हाईत. हितलं पानी खोल झालं, ती सरकली. माळाच्या मागं जुना पाझर तलाव हाय, तितं बसत्यात. चला, ऊन कललं की दावते."

मी तिच्या मागून चालू लागलो. त्या अर्ध्या तासाच्या वाटेवर मला ताईविषयी जे कळलं ते मला एका घरात राहून कळलं नव्हतं. ती हौसाबाईच्या घरी भाकरी खायची. तिच्या नातींना बेरीज शिकवायची. आणि माझ्याबद्दल सांगायची. "आमचा भाऊ लय हुशार, पर घराभाईर पडायला त्येला जड जातंय, आसं म्हनायच्या," हौसाबाई म्हणाली आणि हसली. मलाही हसू आलं. चार महिन्यांतलं ते पहिलं.

माळ चढून वर आलो आणि ते दिसले. आटत आलेलं पाणी, ओला चिखल, आणि त्यात तीसेक पट्टकादंब. मी दुर्बीण डोळ्यांना लावली. त्यांच्या डोक्यावरचे दोन पट्टे स्पष्ट दिसत होते. खाली उतरून काठावर दाणे ठेवले आणि आम्ही दूर येऊन बसलो. ऊन उतरलं, वारा फिरला. एका हंसानं मान उंच करून हाक दिली, मग दुसऱ्यानं. थोड्याच वेळात सगळं पाणी खळबळलं आणि ते उठले. एक फेरी त्यांनी आमच्या डोक्यावरून घेतली, वाकडीतिकडी रांग धरली आणि उत्तरेला वळले. रांग दिसेनाशी झाल्यावरही त्यांचा आवाज येत होता.

"किती हुती?" हौसाबाईनं विचारलं.

"मोजायचं राहिलं."

"बाई वरडल्या आसत्या!"

ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. संध्याकाळची गाडी लांबून दिसताच मी हात जोडले आणि म्हणालो, "बराय हौसाबाई, जातो मी."

"आवं, जातो काय म्हनताय? येतो म्हना!"

मी तिथंच, रस्त्याच्या कडेला, रडलो. ताई गेली तेव्हाही इतका रडलो नव्हतो. गाडी जवळ येत होती आणि मी तुटक तुटक तिला दवाखान्यातली ती सकाळ सांगत होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "साठ वर्सं तुमी चुकायचं आन बाईंनी सुदरायचं. त्या दिशी तोंडानं न्हाई जमलं, हात तर उचलला न्हवं? सुदरून घेतलं आसंल त्यांनी मनात. मास्तरीन बाई त्या, चूक तशी सोडत्याल व्हय?"

तो उचललेला हात चार महिने मला निरोपाचा वाटत आला होता. ताई वर्गात पोराला थांबवायची तो हात असाच असायचा, हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही.

"येतो," मी म्हणालो. तिनं माझ्या गळ्यातली दोरी पुन्हा चाचपून पाहिली. "झिजलीया. कार्तिकात पाखरं आली की या. नवी वळून ठेवते."

गाडी म्हसवडला जाणारी होती. मी तिकडेच गेलो. देवळात धुपारती चालली होती. सकाळी ज्या ठिकाणी उभा होतो तिथंच उभा राहिलो आणि या वेळी हात आपोआप जोडले गेले. काही मागितलं नाही. दोनची गाडी मिळाली असती तर काय झालं असतं याचा मी हिशेब मांडत नाही. मेंढी दाण्यांच्या वासानं आली हे मलाही कळतं. पण मी घातलेल्या अटींवर देव कुठं चालला? हंस जिथं असायला हवे होते तिथं नव्हते आणि जिथं होते तिथं मला नेऊन बसवलं. माझ्या वाट्याला फक्त गाडी चुकवणं होतं, आणि तेवढंही त्यानंच माझ्याकडून करून घेतलं.

वहीतला संख्येचा रकाना कोरा ठेवला आहे. शेऱ्यात लिहिलं, "पाठवणी झाली." घरात आता रोज दिवा लागतो. सकाळी फिरायला बाहेर पडताना मी उंबऱ्यात क्षणभर थांबतो आणि रिकाम्या घराला मोठ्यानं सांगतो, "ताई, येतो गं."