रुईवरची अळी

शनिवारी मारुतीसाठी रुईची माळ घेतली की देठातल्या चिकाचा कडवट वास बोटांना लागतो आणि मला पावणे गावातलं आमचं अंगण आठवतं. माझं नवीन लग्न झालं होतं. रंगाच्या कारखान्याच्या भिंतीलगत माजलेल्या रुईची पानं सासूबाई तोडून आणायच्या; त्यातली न कुरतडलेली मी माळेसाठी निवडायची. एका शनिवारी संध्याकाळी पानांतून काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी खाली पडली. कोंबडीनं ती टिपली, लगेच टाकून दिली आणि मान झाडत चोच मातीत घासत राहिली. अळी मात्र सावकाश पुन्हा पानाकडे निघाली. सासूबाई माळ ओवता ओवता म्हणाल्या, "तिनं रुईचं इख खाल्लंय. आता तिला कोनी खानार नाय." तेवढ्यात हे त्याच कारखान्यातून शिफ्ट संपवून आले, कानांपर्यंत पिवळे झालेले. शर्ट काढून ओट्यावर बसले. आम्हा दोघींना डासांनी फोडून काढलं होतं. ह्यांच्या उघड्या पाठीवर एकही बसेना. "बघ, मला डास शिवत नाय," हे नेहमीच्या कौतुकानं म्हणाले. सासूबाईंचा हात दोऱ्यावर थांबला. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. पुढं हे लवकरच गेले, मग सासूबाईही. आता घरात मी एकटीच असते, आणि डास चावला की जिवाला बरं वाटतं.