मी उपटायला लावलेली मोरस

द्राक्षबागेत गवताची काडी दिसू नये, हे मी माहेरी शिकले आणि सासरी पाळलं. पिंपळगावजवळ आमची द्राक्षरोपांची नर्सरी आहे. म्हणून आमच्या महिला मंडळाने जव्हारपलीकडच्या एका खाडीकाठच्या गावात तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, लावायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांनी मला पुढे केलं. खाडीचा चिखल मी तोवर तुडवलेला नव्हता. तसं मी कुणाला सांगितलं नाही.

गावातल्या बायकांनी रोपं पिशव्यांत वाढवून ठेवली होती. ती बांधाच्या बाहेरच्या अंगाला लावायची होती. आतल्या अंगाला एका मावशींचं भाताचं शेत. जुनी तिवरं सरपणाला तुटली, तेव्हापासून भरती थेट बांधावर आपटायची. बांध फुटला आणि खारं पाणी आत शिरलं, की काही वर्षं भात विसरायचा.

लावायच्या जागेवर मोरस पसरली होती. बुटकी, जाड पानांची, खारट. तिकडे तिची भाजी करतात. मी ती उपटायला सांगितली.

मावशी म्हणाल्या, "ताई, राहू दे ती. चिखल धरून ठेवते."

"मावशी, रोपाशेजारी तण नको. आमच्याकडे बागेत गवत दिसलं तर शेजारी नावं ठेवतात."

"इथं कोण येणार नावं ठेवायला? खेकडे?"

बायका हसल्या. मला राग आला. मी स्वतः खाली बसून उपटायला लागले, मग त्यांनाही बसावं लागलं. दोरी धरून ओळी आखल्या, प्रत्येक रोपाला बांबूची काठी, सुतळीची गाठ. फोटो सुरेख आले.

पुढच्या पौर्णिमेच्या उधाणाने तो मोकळा चिखल खरवडून नेला. रोपं गेली, बांधाचा पायथाही कुरतडला गेला. मावशींनीच फोन करून सांगितलं. मोरशीचा शब्द काढला नाही.

नाशिकला गंगापूर रोडवर मंडळाची बैठक झाली. काय झालं, असं विचारल्यावर मी म्हणाले, "बायकांनी रोपं उथळ लावली." इतकंच. एक जण म्हणाली, त्यांना जमत नसेल तर पुढची रोपं दुसऱ्या गावाला देऊ. मी मान डोलावली आणि चहा घेतला. तो चहा मला अजून आठवतो. आलं जास्त झालं होतं.

आठवड्याने उरलेले बांबू आणायला मी एकटीच गाडी घेऊन गेले. मावशी बांधावर होत्या, पायथ्याशी दगड रचत. पलीकडे, अगदी कडेला, मोरशीचा एक पट्टा शिल्लक होता आणि त्यात तिवराची सात-आठ रोपं उभी होती. वाकडीतिकडी, बिनकाठीची.

"ही कधी लावली?"

"त्याच दिवशी. तुम्ही फोटो काढत होता तेव्हा."

मी बांबू गोळा करायला वाकले. चार-पाच उचलले. मग ते तिथेच ठेवले आणि बैठकीत काय बोलले ते त्यांना सांगितलं. दुसऱ्या गावाचंही सांगितलं.

त्यांनी हातातला दगड नीट बसवला. मला वाटत होतं, चिडाव्यात.

"उथळ," त्या म्हणाल्या. "माझी आई तिवरं लावायची, तिचा हात धरून शिकले मी." मग पदराने हात पुसले. "अमावास्येला परत उधाण आहे. त्याच्या आधी रोपं पाहिजेत. फोन आहे ना?"

"घरी गेल्यावर अध्यक्षांशी बोलते."

"इथं बांधावर रेंज चांगली आहे."

मी फोन लावला. पलीकडे घंटी वाजत असताना त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"स्पीकरवर टाका," म्हणाल्या. "मला कमी ऐकू येतं."

त्यांना चांगलं ऐकू येतं. मी स्पीकरवर टाकला.