पाठीला माती न लागता हरलेला कडूबा

१४ जानेवारी १९६७ रोजी पिंपळगाव राजाच्या तालमीत कडूबासाठी वर्गणी जमली : त्र्याण्णव रुपये पंचाहत्तर पैसे. ती माझ्याकडे ठेवली, कारण तालमीत बसणाऱ्यांपैकी कॉमर्स शिकलेला मी एकटाच.

कडूबा भुसावळला रेल्वेत खलाशी होता. कुस्ती आमच्या तालमीत शिकला, मुष्टियुद्ध तिकडे. कोलंबोच्या आंतरराष्ट्रीय हौशी स्पर्धेसाठी त्याची निवड झाली होती. जाण्यायेण्याचा खर्च त्याला नव्हता, कोट मात्र ज्याचा त्याने शिवायचा होता. वर्गणी त्या कोटाची.

महिन्याभराने तो परतला. अंगावर कोट होता, पदक नव्हते. पहिल्याच लढतीत हरलो, असे त्याने आपणहून सांगितले. तालमीचे उस्ताद पुंजाजी बैल पारखावा तसे त्याच्याभोवती फिरले. अंगावर कुठे ओरखडा नव्हता.

"चित झाला का?"

"नाई उस्ताद. उभाच होतो. तिथं पंच टोले मोजतात. त्याचे जास्त भरले, माहे कमी."

"पाठीले माती नाई अन् हरला! काऊन बे, आमाले येडं समजतं का? इनाम किती भेटलं?"

"हौशी खेळ हाय. पैसा घेतला त खेळातून काढतात."

"म्हंजे नुरा कुस्ती! आधीच ठरवेल. पैसे तिकडंच दाबले अन् आमाले कोट दाखवून राह्यला."

पाठ न टेकता हरला तो विकला गेला, हे आमच्या गावात लहान पोरालाही ठाऊक. मलाही तेच पटले. विहिरीवर बाया त्याच्या आईला, तानुबाईला, विचारू लागल्या, "सोनं कुठं पुरलं वं?" पुंजाजींनी कडूबाला तालीम बंद केली. पुढे तो रजेवर आला की दाराबाहेर उभा राही, आतल्या लाल मातीकडे बघत. बघून निघून जाई.

नागपंचमीच्या कुस्त्यांना तो कोट घालून आला. सोबत हातमोज्यांचे दोन जोड होते.

"उस्ताद, माह्या रीतीनं तीन डाव खेळा. धरायचं नाई, नुसते टोले. मी तुमाले पाडणार नाई. शेवटी तुमीच सांगा, कोण जिंकलं. तुमी म्हनसान तुमी, त मी चोर. पुन्हा दारात येनार नाई."

कोट त्याने माझ्या हातात दिला. मी अस्तर चाचपून पाहिले. काही नव्हते.

पहिल्या डावात पुंजाजींनी दोनदा त्याची कंबर धरली. "धरायचं नाई, उस्ताद!" लोक ओरडले. सोडल्यावर त्यांचे ठोसे हवेतच जाऊ लागले. कडूबा बाजूला सरके आणि नाकावर, पोटावर टोला ठेवून जाई. तिसऱ्या डावात पुंजाजींचे हात वरच होईनात. तरी ते उभे होते.

"उस्ताद पडले नाईत! बरोबरी!" कोणीतरी ओरडले.

"चूप बे." पुंजाजींनी नाकातले रक्त पुसले. खाली वाकून मूठभर माती घेतली आणि हात मागे नेऊन स्वतःच्याच पाठीला चोळली. "हरलो मी. कडूबा, उद्या सकायी तालमीत ये."

जिंकणाऱ्याला तालमीकडून पाच रुपये होते. मी ते पुढे केले. कडूबाने हात मागे घेतला.

"रोख नाई चालत, भाऊ. नारळ द्या."

सगळे नारळ पूजेत फुटले होते. गर्दीतून एकजण म्हणालाच, "पाच रुपये सोडते? तिकडं लय भेटले असतीन याले." पण त्याच्यावर कोणी हसले नाही.

तालमीकडून कडूबाला एक नारळ देणे आहे.